पळायची रीत

माणिकरावांच्या घरात शिव्या चालायच्या, भांडणं चालायची. एकदा तर भावकीतल्या एकानं रागाच्या भरात चुलीवरची कढई लाथाडली, तेही चाललं. एक शब्द तेवढा चालायचा नाही. पळणं. त्या घरात दूध उतू जायचं, वासरू सुटायचं, एस.टी. निघून जायची, चोर गुंगारा द्यायचा. पळायचं मात्र कुणीच नाही. माणिकरावांची बायको आशाबाई, तिची सासू तर वरणाच्या पळीलासुद्धा डाव म्हणायची. पंगतीत एकदा आशाबाई 'पळी द्या जरा इकडं' असं बोलून गेली, तर सासूनं असे डोळे वटारले की आपण नेमकं काय मागितलं हेच तिला क्षणभर आठवेना.

कारण सगळ्या सेनगाव तालुक्याला ठाऊक होतं. माणिकरावांची धाकटी बहीण शिला पळाली होती. आपल्याकडं बाईमाणूस पळालं म्हटलं की किती जोरात असं कुणी विचारत नाही, कुणाबरोबर असं विचारतात. शिला पळाली ती नाल्यापलीकडच्या तांड्यावरल्या हिरासिंगबरोबर. पोरगा निर्व्यसनी होता, बारावी शिकलेला, स्वतःची काळीपिवळी जीप चालवणारा. पण तांड्यावरचा. म्हणजे बाकीचे गुण कुणी मोजायलाच गेलं नाही. दोघांनी हिंगोलीला कचेरीत लग्न केलं आणि कळमनुरीला संसार मांडला. इकडं माणिकरावांनी चार माणसांसमोर सांगितलं, "गेली ती गेली. आजपासून ती मेली." एवढं बोलून खांद्यावर टॉवेल टाकला, विहिरीवर गेले आणि जित्या बहिणीच्या नावानं आंघोळ करून आले.

आशाबाईची कोमल तेव्हा रांगत होती. शिलाच्या कडेवरनं ती उतरायची नाही, इतकी आत्याची लाडकी. शिला गेल्यावर ते लेकरू दोन दिवस दाराकडं बोट दाखवून रडलं. आशाबाईलाही नणंद कमी आणि मैत्रीण जास्त गेल्यासारखं वाटलं होतं. पण नव्या सुनेला वाटून काय उपयोग! घरात मोठ्यांचा शब्द चालायचा, आणि मोठ्यांनी एक शब्द बंद केला होता.

आता देवाची गंमत बघा. ज्या घरात पळणं बोलायला बंदी, त्याच घरात त्यानं कोमलला असे पाय दिले की जमिनीवर ठरेनात.

कोमल जवळच्या गोरेगावच्या शाळेत जायला लागली. शाळेत सोलापूरकडचे एक नवे सर आले होते. मधल्या सुट्टीत पकडापकडी खेळताना ही पोरगी पोरांच्या हाताला लागत नाही हे त्यांनी पाहिलं आणि थेट घर गाठलं. माणिकरावांनी खुर्ची दिली, आशाबाईनं चहा आणला. सरांनी पहिला घोट घेतला आणि मोठ्या कौतुकानं म्हणाले की तुमची मुलगी फार छान पळते, पुढं नक्की पळणार, तुम्ही फक्त अडवू नका. माणिकरावांचा कप ओठापाशी थांबला. आत सासूच्या हातातलं सूप खाली पडलं. बिचाऱ्या सरांना कळेना की आपण असं काय वाईट बोललो. शेवटी आशाबाईनंच त्यांना दारापर्यंत पोचवताना हळूच समजावलं की सर, आमच्या घरी तुम्ही 'ग्राउंड' म्हणत जा.

तेव्हापासून कोमल 'ग्राउंडला' जायला लागली. पहाटे उठून गोरेगावच्या रस्त्यानं ती वाऱ्यासारखी जायची आणि घरात विचारलं तर ग्राउंड. शाळेचं बक्षीस आणलं तरी ग्राउंडचं. गावाला मात्र असल्या पडद्यांशी काय देणंघेणं? माणिकरावांचे चुलते ग्यानोबाकाका पारावर बसल्या बसल्या मिशीतल्या मिशीत म्हणायचे, "माणकू, तुह्या घरान्यात पळायची रीतच हाय रे. आधी भन, आता पोरगी." चार माणसं हसायची. माणिकराव मान खाली घालून निघून यायचे आणि तो राग घरी येऊन तांब्या आपटण्यावर निघायचा. आशाबाईला वाटायचं, एकदा या म्हाताऱ्याच्या मिशीला चांगली चूड लावावी. पण चूड हातात असूनही ती फक्त चूल पेटवत होती.

पोरगी मात्र कुणाच्या बापाला ऐकणारी नव्हती. सेनगावला तालुक्यात पहिली आली, तेव्हा गाव म्हणालं, तालुक्यात हाय कोन? हिंगोलीला जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा म्हणालं, जिल्हा केवढासा! विभागात पहिली आली तेव्हा म्हणालं, आता वय झालं, उजवून टाका. मग पुण्याला राज्याच्या स्पर्धेत शंभर आणि दोनशे, दोन्ही शर्यती तिनं एकापाठोपाठ मारल्या. पेपरात फोटो आला. फोटोत ती सगळ्यांच्या पुढं, छाती काढून, तोंड उघडं, केस विस्कटलेले. ग्यानोबाकाकांनी तो पेपर पारावर उलटा धरून पाहिला आणि म्हणाले की पोरीच्या जातीनं एवढं तोंड उघडू नये. त्या दिवशी आशाबाईनं पहिल्यांदा त्यांना भरल्या पारावर उत्तर दिलं. म्हणाली, काका, श्वास घ्यायला तोंड लागतं, तुमचं नुसतं बोलायला कामाला येतं. गावात आठवडाभर हेच चघळणं चाललं होतं आणि आशाबाईला भाकरी जरा जास्तच गोड लागत होती.

पुढं कोमलला नांदेडला सरावासाठी वसतिगृह मिळालं. आणि नांदेडच्या रस्त्यावर कळमनुरी लागतं.

तिनं आत्याचं घर कसं शोधलं कोण जाणे. पण पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत घरी आली, आईला मागच्या अंगणात नेलं आणि सांगून टाकलं की मी दर रविवारी शिलाआत्याकडं जाते, जेवते, झोपते, आणि तुला चालत नसलं तरी जाणार. आशाबाईनं विचारलं तर काय विचारलं? शिला जाड झाली की बारीकच हाय. कोमल हसली. त्या दिवसापासून आशाबाईच्या पोटात एक गोष्ट राहायला लागली जी नवऱ्याला सांगायची नव्हती. कोमलच्या पिशवीतनं गपचूप कधी शेंगदाण्याची चटणी जायची, कधी नव्या तुरीची डाळ जायची. तिकडनं कधी बांगड्या यायच्या, कधी नुसता निरोप यायचा की वैनी, गुडघ्याला तीळतेल लावत जा.

खरं काम शिलाचं पुढंच होतं. ऐन भरात असताना कोमलच्या मांडीमागचा स्नायू फाटला. ट्रॅकवर अशी पडली की स्ट्रेचरवर घालून न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले सहा महिने पाऊल जोरात टाकायचं नाही, आणि त्यानंतरही पूर्वीसारखं होईल याची खात्री नाही. वसतिगृहानं खोली रिकामी करायला सांगितलं. घरी आली असती तर गावानं दुसऱ्या दिवशी स्थळ आणलं असतं आणि माणिकरावांनी नको म्हटलं नसतं. कोमल कळमनुरीला गेली. बापाला कळवलं, नांदेडलाच इलाज चालू आहे. शिलानं तिला रोज उचलून बसवलं, उकडलेली अंडी भरवली, रडली तर दम दिला. हिरासिंग दिवसभरच्या सवाऱ्या सोडून नांदेडच्या दवाखान्यात तिला घेऊन जायचा, व्यायाम करून घेणाऱ्या बाईंपुढं बसवायचा आणि परत आणायचा. तो त्या पोरीचा कोण होता? कोणीच नाही. ज्या घरानं त्याचं नाव टाकलं त्या घरातली लेक तो सांभाळत होता. आशाबाईला हे सगळं फोनवर कळायचं आणि आनंद व्हावा तिथं तिला शरम वाटायची. आपण दोघं आईबाप जिवंत असताना आपल्या पोरीचा पाय भलत्याच घरात बरा होऊन राहिला!

बरा मात्र झाला, आणि वसतिगृहात पुन्हा खोलीही मिळाली. दुसऱ्या वर्षी कोमल रांचीला राष्ट्रीय स्पर्धेला गेली. आणि तिथंच ती गंमत झाली, जिला गाव अजून गंमत म्हणतं आणि आशाबाई म्हणत नाही.

दोनशे मीटरची शर्यत दुपारी होती. माणिकराव शेतात होते, त्यांच्या फोनला रेंज नव्हती. आशाबाईचा फोन चार्जिंगला लावलेला आणि लाईट गेलेली. नांदेडला कोमलची खोलीतली मैत्रीण संगिता मोबाईलवर शर्यत बघत होती. शर्यत संपली तशी तिनं आनंदाच्या भरात आशाबाईच्या शेजारच्या निर्मलाबाईंचा नंबर लावला, कारण अडीअडचणीला कोमलनं तो देऊन ठेवला होता. निर्मलाबाईंना एवढंच ऐकू आलं, "काकू, कोमल पळाली! अशी पळाली, की कुणाला सापडलीच नाही..." आणि फोन कटला.

निर्मलाबाई काही वाईट बाई नव्हती. पण तिनं पदर डोक्यावरून ओढला, इकडंतिकडं पाहिलं, आशाबाईच्या कानाशी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आशाबाई, कोमल पळाली म्हनं. कोनाला सापडून न्हाई राहिली." आता कुणी म्हणेल, शर्यत आहे हे आईला माहीत होतं, तिला कळायला नको? अहो, पण बातमी कानात सांगितली की ती वाईटच असते. मोठ्यानं सांगितली असती तर आशाबाई नाचली असती. हळू सांगितली म्हणून ती होती तिथंच उंबऱ्यावर बसली.

मग काय! गावात बातमीला पाय फुटायला वेळ लागतो होय? घटकाभरात सगळी भावकी अंगणात. कोणी म्हणे पोरगा बिहारचा आहे, कोणी म्हणे सरच आहे. ग्यानोबाकाकांना तर सणच आला. रीत काही सुटत नाही, रक्तातच असते, मी सांगत होतो, असं त्यांचं चालू झालं. दोन मोटारसायकली हिंगोलीच्या रस्त्याला लागल्या. रांचीला पळालेल्या पोरीला हिंगोलीत कुठं शोधणार होते ते त्यांचं त्यांना ठाऊक. माणिकराव शेतातून आले. सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि मग म्हणाले, "गेली ती गेली. आजपासून तीबी मेली." आणि आत जाऊन टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले.

आशाबाईनं तो टॉवेल पाहिला. माणूस विहिरीच्या वाटेला लागला होता. लेक कुठं आहे, जिवंत आहे का, कुणी पळवली का, विचारलं नाही. सरळ आंघोळीला निघाला.

तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर चित्र आलं. कोमल पायरीवर उभी, गळ्यात सोन्याचं पदक, डोळ्यात पाणी, आणि खाली लिहिलेलं की महाराष्ट्राची कोमल देशात पहिली. पहिल्यांदा कुणाला समजेना. मग एकदम हसू फुटलं. मोटारसायकलवाल्यांना सेनगावात फोन गेला, ते तिथूनच पेढे घेऊन परतले. ग्यानोबाकाकांनी दोन पेढे खाल्ले आणि मला वाटलंच होतं म्हणाले. माणिकराव विहिरीच्या वाटेवरून तसेच कोरडे माघारी आले, टॉवेलानं तोंड पुसलं आणि कधी नव्हे ते लोकांसमोर रडले. आनंदानं रडले असं लोक म्हणाले.

आशाबाईनं सगळ्यांना चहा दिला. पण त्या दिवशी तिच्या काळजाला जे लागलं ते निघालं नाही. लेक तिकडं देशात पहिली येत होती आणि इकडं तिच्या बापानं तिला एका वाक्यात मारून टाकलं होतं. तेच वाक्य, तोच टॉवेल, तीच विहीर. शिलाच्या वेळी आशाबाईला वाटलं होतं की भावाचा राग आहे, बहिणीवर जीव होता म्हणून राग आहे, निवळेल. आता तिला कळलं की राग नव्हताच. सवय होती. आणि ही सवय मोडली नाही तर उद्या आपल्यालासुद्धा आंघोळ करून मोकळे होतील.

त्यानंतर कोमल थांबली नाही. रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागली. पुढच्या वर्षी शंभरातही राष्ट्रीय पदक, मग भारताची निळी जर्सी, आणि यंदा परदेशात आशियाई स्पर्धेत दोनशे मीटरला कांस्य. टीव्हीवर तिचं नाव घेतलं तेव्हा हिंगोली जिल्हा असंही म्हणाले. बस, गावाला अंगात आलं. सरपंचानं सत्कार ठरवला. ट्रॅक्टरवरून मिरवणूक, शाळेच्या मैदानावर मंडप, मोठे पाहुणे. फाट्यावर कमान उभी केली; कमानीवर सरपंचाचा फोटो दरवाज्याएवढा आणि कोमलचा खिडकीएवढा. वर लिहिलं, गावची सुवर्णकन्या. कांस्याला सोनं म्हटलं तर कोण तक्रार करतो! 'धावपटू' असा चांगला शुद्ध शब्द लिहून पळण्याची भानगडही मिटवली होती.

कोमलनं दोन दिवस आधी फोन केला. बापाशीच बोलायचं म्हणाली. माणिकरावांनी फोन स्पीकरवर ठेवला होता म्हणून आशाबाईला सगळं ऐकू आलं. तिनं पाय दुखावल्यापासूनचं सगळं सांगितलं. कुठं राहिली, कुणी भरवलं, कुणी दवाखान्यात नेलं. एकही गोष्ट लपवली नाही. आणि शेवटी म्हणाली, "बाबा, आत्या माझ्यासंगं येनार हाय. तिला गावात घेनार असाल तर मी येते. न्हाईतर तुमच्या सरपंचाला सांगा, कमान सोडून ठेवा."

माणिकराव म्हणाले, "तू ये. ती न्हाई." आणि फोन ठेवला.

ते दोन दिवस घरात चुलीपेक्षा माणसंच जास्त धुमसत होती. सरपंच तीनदा येऊन गेला. पाहुण्यांची तारीख घेतलेली, आचारी सांगितलेला, आता पोरगी आली नाही तर माझी अब्रू काय राहील, असं त्याचं रडगाणं. ग्यानोबाकाकांनी तोडगा काढला. पोरीला आत्यासकट ये म्हणून कळवायचं, मग तिला फाट्यावर उतरवून घ्यायचं, बाकीच्यांना तिथूनच रस्ता दाखवायचा. पोरगी एवढ्या लोकांपुढं काय करणार? सरपंचानं लगेच तसा निरोपही धाडला. माणिकराव व्हय म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. रात्री ताटावर बसून तसेच उठले. आशाबाईनं त्यांना एकदाच विचारलं की तुमच्या लेकीचा पाय ज्यांनी बरा केला त्यांना पाणीसुद्धा विचारायचं न्हाई का. ते म्हणाले, गाव काय म्हणेल. आशाबाई म्हणाली, गाव बावीस वर्षं म्हणूनच राहिलंय, अजून त्याचं म्हणून संपलं नाही का? त्यावर त्यांनी कूस बदलली.

सत्काराच्या दिवशी सकाळी फाट्यावर ही गर्दी. हलगीवाले, फुगे लावलेला ट्रॅक्टर, फेटे बांधलेली माणसं, शाळेच्या पोरी रांगेत. बायका कलश घेऊन. पुढं आशाबाई, हातात आरतीचं ताट. ताटात निरांजन, कुंकू, पाण्याचा तांब्या आणि सकाळच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. आपल्याकडं लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय आत घेत नाहीत. आणि एकदा ओवाळून पायावर पाणी घातलं की त्या माणसाला माघारी पाठवत नाहीत. वैरी असला तरी नाही. हे ग्यानोबाकाकांनाही ठाऊक होतं, म्हणूनच ते कमानीच्या खांबाला टेकून, रस्ता अडवल्यासारखे उभे होते. त्यांच्या शेजारी माणिकराव, हातात झेंडूचा हार.

काळीपिवळी जीप आली. हलगी सुरू झाली. आधी कोमल उतरली, निळ्या ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात पदक. टाळ्या पडल्या. मग तिनं मागं हात दिला आणि शिला उतरली. हलगी आपोआप बंद पडली. शिला बारीकच होती अजून; केस मात्र अर्धे पांढरे झालेले. तिनं भावाकडं पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. हिरासिंग स्टेअरिंगवर हात ठेवून जीपमध्येच बसून राहिला.

सरपंचानं हसून कोमलला ट्रॅक्टरकडं बोलावलं. कोमल हलली नाही. ग्यानोबाकाका पुढं झाले आणि मोठ्यानं म्हणाले की पोरी, तू ये, गाव तुझं हाय, पाहुण्यांना उशीर होऊन राहिला. बाकीच्यांनी आल्या वाटेनं जावं. कोमलनं आत्याचा हात सोडला नाही. जिथं उभी होती तिथंच उभी राहिली, कमानीच्या दोन पावलं अलीकडं. शिला तिला हळूच म्हणून राहिली की तू जा माय, माझ्यासाठी तमाशा नको, मी जीपमध्ये बसते. तिनं वळायला पाऊल उचललंसुद्धा.

आशाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. माणिकराव हाराकडं बघत होते. तिला एकदम कळलं की हा माणूस काही करणार नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. शिला जीपमध्ये बसेल, जीप वळेल, आणि हे हारातली एकेक पाकळी मोजत उभे राहतील. आणि कोमल त्या जीपमध्ये बसून जाईल ती पुन्हा कधी येणार नाही. एका घरातल्या दोन बायका एकाच रस्त्यानं गेल्या, की तिसरीनं तिथं राहून कुणाच्या भाकरी भाजायच्या?

ती पुढं झाली. काकांच्या बाजूनं निघाली, कमानीखालनं गेली, ट्रॅक्टर ओलांडला. लोकांना वाटलं कोमलला ओवाळायला चालली. तिनं कोमलला ओलांडलं. कोमलनं बाजूला होऊन वाट दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीनं दुसरा नंबर खुशीनं घेतला असेल. आशाबाई शिलापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "अशी एकटी न्हाई. जोडीनं उभे राहा. जावयाला खाली बोलाव."

हिरासिंग उतरला तो चाचपडतच उतरला. चप्पल काढावी की ठेवावी त्याला कळेना, त्यानं एक काढली आणि एक ठेवली. आशाबाईनं दोघांना कुंकू लावलं. भाकरीचा तुकडा दोघांवरून ओवाळला आणि रस्त्याच्या कडेला टाकला. निरांजनही दोघांवरून फिरवलं. मग तांब्या उचलून आधी शिलाच्या पायावर पाणी घातलं, मग हिरासिंगच्या. एका पायात चप्पल होती, तिच्यावरच घातलं. शिला तोंडावर पदर धरून गदगदून रडायला लागली. आशाबाई तिला म्हणाली की रडू नको, काजळ पसरेल, मंडपात फोटो काढायचे हायेत.

तेव्हा काकांना वाचा फुटली. सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आशा, लाज हाय का न्हाई? पळालेलीला ओवाळून राहिली तू!"

आशाबाई वळली. ताट तिच्या हातातच होतं.

"व्हय काका, पळालेलीलाच ओवाळून राहिले. तुमी फेटा बांधून कोनासाठी उभे हाव? हलगी कोनासाठी आनली? ही पळाली नसती तर ती पळाली नसती. कोमलचा पाय हिच्या घरात बरा झाला, तुमच्या पारावर न्हाई. एकीच्या गळ्यात हार अन् एकीला बंद दार, हे मला जमनार न्हाई. मी ओवाळलं. पायावर पानी घातलं. आता माघारी धाडून दाखवा."

बायकांच्या रांगेतून निर्मलाबाई निघाली, आपला कलश घेऊन आली आणि शिलापाशी उभी राहिली. तिच्या मागं आणखी दोघी आल्या. शाळेच्या पोरींना काय चाललंय ते नीट कळलं नसावं, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच घड्याळाकडं बघत घाम पुसत होता.

काकांचा चेहरा लालभडक झाला. बाईशी बोलून उपयोग नाही हे त्यांना उमगलं आणि ते पुतण्याकडं वळले. काठी आपटून म्हणाले, "माणकू! बघत काय राहिला? आवर तुह्या बायकोला!"

माणिकराव हलले. हार हातात धरून चार पावलं चालले आणि शिलापुढं येऊन थांबले. त्यांनी बहिणीच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडं पाहिलं, आणि हार तिच्या गळ्यात घालायला हात वर केले, ते नीट जमेनात म्हणून कोमलनं एक बाजू धरली. हार पडला. मग ते वळले. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"काका, तिला आवरायचं तर तिच्या मागं पळावं लागंल. अन् आमच्या घरात पळता येत न्हाई असा मी एकटाच हाव."

हलगीवाल्यानं कुणाच्या इशाऱ्याची वाट न बघता टिपरी उचलली, आणि ट्रॅक्टरच्या आधी जीप कमानीतून आत गेली.